लाल पेटी आणि माझा साडू

शनिवार, १ नोव्हेंबर

बीपी पुन्हा चढलं. गल्लीतल्या पॉलिक्लिनिकच्या डॉक्टर स्मृती म्हणाल्या, "मोहियुद्दीनभाई, मनातलं कुणाशी बोलत नसाल तर निदान लिहून तरी काढा." बाई आपल्या साताऱ्याच्या, म्हणून ऐकलं. आता त्यांना काय सांगू मनात काय आहे ते? मनात माझा साडू आहे.

दाभोळच्या शाळेत दहावीपर्यंत मराठीत शिकलो ते आज उपयोगी पडतंय. सुरैया उर्दू शाळेतली. लाइबानं शाळेत हिंदीऐवजी फ्रेंच घेतलंय. म्हणजे या घरात हे कुणी वाचणार नाही. मोकळेपणानं लिहितो.

मी जेद्दाच्या इंडस्ट्रियल एरियात मामूलच्या फॅक्टरीत आहे. मामूल म्हणजे पोटात खजूर भरलेलं रव्याचं बिस्कीट. सगळ्यात शेवटी, पाकिटं भरून झाली की, पट्ट्यावर मेटल डिटेक्टरची कमान आहे. पाकिटात धातूचा कण असला तर मशीन त्याला ढकलून लाल पेटीत पाडतं. नऊ वर्षं हे मशीन माझं. आणि झयान म्हणजे सुरैयाच्या धाकट्या बहिणीचा, अस्माचा नवरा. डिप्लोमावाला. चार महिन्यांपूर्वी मीच मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, गळ घालून त्याला इथं आणला. तिकीट काढलं, एअरपोर्टवर घ्यायला गेलो, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, होईपर्यंत स्वतःच्या घरात ठेवला.

आज कामावर गेलो तर हा माझ्या मशीनपुढे. माझ्या स्टुलावर.

"सलाम भाई. जरा फेज बघतोय."

फेज, म्हणजे मशीनचं सेटिंग, बघतोय म्हणे! आणि नऊ वर्षं मी काय मशीनचं तोंड बघत होतो?

सोमवार, ३ नोव्हेंबर

त्यानं काय केलं ते नीट लिहून ठेवतो, उद्या कुणी विचारलं तर.

लोखंड सोपं. एवढासा कण असला तरी मशीन बोंब मारतं. पितळ, तांबं जरा हळू बोलतं. खरा छळ स्टेनलेस स्टीलचा. आमच्याकडे चाळण्या, पाती, घमेली सगळं स्टीलचं, म्हणजे तुटलं तर तेच तुटणार, आणि मशीनला नेमकं तेच कमी ऐकू येतं. त्यात खजूर ओला. ओल्या मालाचा स्वतःचाच एक आवाज मशीनला येतो, तो स्टीलच्या आवाजाच्या जवळपासचा. माझी पद्धत सरळ होती. मशीन इतकं तिखट ठेवायचं की काही सुटता कामा नये. मग ते खजुरालाही धातू समजतं आणि लाल पेटी भरते. भरू दे. संध्याकाळी पेटीतली पाकिटं आम्ही वाटून घेतो, घरी नेतो. लाइबा त्याच मामूलवर मोठी झाली. आजवर कुणाच्या दाताला काही लागलेलं नाही.

झयाननं काय केलं, तर खजुराचा आवाज तेवढा दाबला. लोखंड, पितळ, स्टील, तिन्हींचे बारके मणी बसवलेली टेस्टकार्डं आहेत, ती पाकिटांवर ठेवून पट्ट्यावर सोडत बसला. गरम माल, गार माल. आकडा एक घर सरकवायचा, पुन्हा सोडायचा. बोटं मोडत, गुणगुणत. डोक्यात जातं माझ्या ते गुणगुणणं.

आज संध्याकाळी लाल पेटीत एकच पाकीट. मुदीर पाठ थोपटून गेला. माझी नाही.

वर यानं पेटीला कुलूप लावलं. "भाई, आता जे पाकीट पडेल त्यात धातू असणारच. कुणी घरी न्यायचं नाही." एक किल्ली स्वतःकडे ठेवली, एक मला दिली. म्हणे तुमी सीनियर. काय उपकार!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जुम्म्यानंतर जेवायला झयान. तो दर शुक्रवारी येतो, पण आज सुरैयानं त्याच्यासाठी सांदणं केली. मी महिनाभर सांदणं मागतोय, तर तांदूळ मनासारखा मिळत नव्हता. त्याच्यासाठी मिळाला.

जेवल्यावर लाइबाला गणित शिकवत बसला. माझी लेक, दोन वर्षांत माझ्याजवळ वही घेऊन आली नाही, ती याच्यासमोर मांडी घालून! मी म्हटलं, मला विचारलं असतंस तर? तर म्हणते, "अब्बा, यू गेट अँग्री इन टू मिनिट्स. खालू डझन्ट."

"अवो, पोर एकटा आहे इथं," सुरैया म्हणाली. "अस्माला सहावा लागलाय, ती तिकडे बुरोंडीला. तुमी जरा गोड बोललात तर काय झिजेल?"

मी गोडच बोलत होतो. मीठ मागितलं तेही गोडच मागितलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आता खरं संकट आलं. मुदीरनं दोघांना बोलावलं. तबूकला कंपनीचं नवं पॅकिंग सुरू होतंय, जानेवारीपासून. तिकडच्या मशीनवर आमच्यातला एक जाणार. दुसरा इथं इनचार्ज. तबूकला फॅमिलीसाठी घर नाही, बॅचलर रूम. म्हणजे जो जाईल तो एकटा जाईल.

लाइबाची दहावीची परीक्षा फेब्रुवारीत. मी गेलो तर सुरैया एकटी हे शहर कसं सांभाळेल? तिला साधी टॅक्सीवाल्याशी घासाघीस जमत नाही. आणि झयान राहिला तर त्याला फॅमिली व्हिसा, अस्मा येणार, बाळ येणार, सगळं गोड गोड.

मुदीरपुढे हा म्हणतो, "भाई सीनियर आहेत सर. मला सगळं त्यांनीच शिकवलं." बघा डाव! असं बोलून ठेवलं की मी त्याच्याविरुद्ध एक शब्द काढला तरी मीच हलकट ठरणार. पक्का आहे. दिसतो तसा नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डोळ्याला डोळा नाही. सुरैया विचारते काय होतंय. काय सांगू, तुझ्या बहिणीचा नवरा होतोय?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज तो जोहरच्या नमाजला गेला तेवढ्यात मी मशीन तपासलं. माझी खात्री होती की यानं खजूर दाबण्याच्या नादात मशीनला बहिरं करून ठेवलंय. स्टीलचं कार्ड मधोमध सोडलं, मशीननं ढकललं. कडेला सोडलं, ढकललं. पाकिटाच्या खाली चिकटवून सोडलं, तरी ढकललं. शेवटी मी मशीनला एक दाभोळची शिवी दिली.

मागे वळून बघतो तर हा उभा.

"टेस्ट घेताय भाई? बरं केलंत. माझं काही सुटत असेल तर तुमीच पकडाल."

टोमणा होता तो. एवढा गोड टोमणा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

संध्याकाळी बीपी मोजायचं यंत्र घेऊन आला. "रोज मोजत जा भाई." आता हा मुदीरला सांगायला मोकळा, की म्हातारा आजारी आहे. मी ते यंत्र कपाटावर टाकून दिलं. सुरैयानं काढून घेतलं, ती स्वतःचं मोजते.

रविवार, २३ नोव्हेंबर

विचार करून करून एक गोष्ट लक्षात आली. मशीन धातू पकडतं, मान्य. पण जी थोडी पाकिटं पडतात, ती कशावरून धातूचीच? खजूरच असणार. माझ्या वेळी पेटीभर खजूर पडायचा, याच्या वेळी मूठभर पडतो, एवढाच काय तो फरक. नऊ वर्षांत मी शेकड्यांनी पाकिटं फोडून खाल्लीत. मला नका शिकवू.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मुदीर शनिवारी येणार. आठवडाभराची लाल पेटी सगळ्यांसमोर उघडायची, एकेक मामूल फोडून बघायचं. प्रत्येकात धातू निघाला तर झयानचं सेटिंग पक्कं आणि झयान इनचार्ज. असं स्पष्ट म्हणाला नाही, पण मला काय कळत नाही?

झयान रोज संध्याकाळी पडलेल्या पाकिटांवर निळ्या मार्करनं तारीख घालतो आणि न फोडता पेटीत परत ठेवतो. फोडून बघायला त्याचे हात शिवशिवत असणार. म्हणतो, "सगळ्यांसमोरच उघडू, नाहीतर लोक म्हणतील आधीच तार खुपसून ठेवली."

मनात आलं, पेटी रिकामीच निघाली तर?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काढली पाकिटं. पाच होती. किल्ली माझ्याकडे आहेच, सीनियर ना मी!

कचऱ्यात टाकायला निघालो होतो. ड्रमपाशी गेलोही. पण हात होईना. रवा, तूप, खजूर, अल्लामियाचं अन्न ते. लहानपणी भाकरीचा तुकडा खाली पडला तर अम्मा उचलून कपाळाला लावायला सांगायची. डब्याच्या पिशवीत घातली आणि घरी आणली. आणायचोच की पूर्वी.

सुरैयानं पिशवी उघडली. "अगोबाई, बऱ्याच दिवसांनी मामूल!" आणि डब्यात भरून टाकली. लाइबा दोन पाकिटं उचलून चहाबरोबर अभ्यासाला घेऊन गेली.

मी काही बोललो नाही. काय बोलणार? खजूरच असतो त्यात. मला ठाऊक आहे.

आता शनिवारी बघू साडूसाहेबांचं तोंड.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

लिहायलाच हवं.

झयान जेवायला आला तो गप्प. गुणगुणणं नाही, बोटं मोडणं नाही. पेटी रिकामी आहे हे त्याला कालच कळलं असणार. किल्ल्या दोनच. म्हणजे त्याला सगळंच कळलं होतं, आणि तरी माझ्या घरी, माझ्या ताटाशेजारी बसून तो भात कालवत होता, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, घाबरलाय. बरं वाटलं मला. ते खोटं कशाला लिहू?

जेवण झालं आणि सुरैयानं उरलेली तीन पाकिटं बशीत घालून त्याच्यापुढे ठेवली. "घे रे, तुमच्याच फॅक्टरीची."

त्यानं एक उचललं. उलटं केलं. निळ्या मार्करची तारीख त्याच्या स्वतःच्या हातची. मी पुसायलासुद्धा विसरलो होतो.

त्यानं सुरैयाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी दह्याच्या वाटीकडे बघत होतो.

मग त्यानं पाकीट फाडलं आणि मामूल बशीत चुरडलं. बोटांनी खजूर पसरत गेला, अस्मा तांदूळ निवडते तसा, कण न् कण. एक तार निघाली. नखाएवढी, चमकणारी, चाळणीची. दुसरं फोडलं. तार. तिसरं फोडलं, त्यात दोन.

"बुबू, बाकीची दोन कुठं आहेत?" त्यानं सुरैयाला विचारलं.

"लाइबानं खाल्ली. काल. का रे? काय आहे ते?"

झयान उठून उभा राहिला आणि माझ्यावर ओरडला. चार महिन्यांत पहिल्यांदा. "भाई, तुमी काय केलंत? माझ्यावर राग होता तर माझं तोंड फोडायचंत! पोरीला कशाला..." भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

लाइबा खोलीतून बाहेर आली. "आय ॲम फाइन, व्हॉट्स द ड्रामा?" मग बशी बघितली. मग तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. ती माझ्याकडे आली नाही, आईकडे गेली.

क्लिनिक शुक्रवारी असरनंतर, दुपारच्या उतरत्या नमाजनंतर, उघडतं. आम्ही शटर उघडायच्या आधीपासून दारात उभे. सुरैया माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती. डॉक्टर स्मृतींनी लाइबाला विचारलं, खाताना टोचलं का, पोटात दुखतंय का, आणि थेट एक्स-रेला पाठवलं. मला म्हणाल्या, "मोहियुद्दीनभाई, तुम्ही बसा. तुमचा चेहरा मला आवडत नाहीये."

बाकावर मी आणि झयान. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा.

महिनाभर मी एकच मागत होतो. नमाजात मागितलं, मशीनपुढे उभं राहून मागितलं. या अल्ला, झयानचं सेटिंग चुकू दे. आज त्या बाकावर बसून परत तेच मागायला लागलो. तीन पाकिटांत त्याचं मशीन बरोबर निघालं होतं. उरलेल्या दोनांत ते चुकलं असू दे. दोनदाच. तेवढं एकदा त्याला चुकू दे, मग सगळं त्याचं. माझं स्टूल त्याचं, मुदीर त्याचा, जेद्दा त्याची.

डॉक्टर बाहेर आल्या. म्हणाल्या, "पोटात काही दिसत नाही. स्वच्छ आहे. दोन दिवस लक्ष ठेवा, दुखलं तर लगेच या."

मी बसल्या जागीच राहिलो. आणि झयान? हा बाकावरून उडाला. अक्षरशः उडाला. "भाई! माझं मशीन चुकलं भाई! त्या दोनांत नुसता खजूर होता! माझं सेटिंग चुकलं, अल्हम्दुलिल्लाह!" माझे खांदे धरून मला हलवत होता, रडत होता, हसत होता. काउंटरवरचा फिलिपिनो पोरगा बघत राहिला. एवढा आनंद त्याला मुदीरनं पाठ थोपटली तेव्हाही झाला नव्हता.

त्याच्या जागी मी असतो तर? माझं सेटिंग चुकलं म्हणून मी असा नाचलो असतो? पोरीसाठी आनंद झालाच असता. पण कोपऱ्यात कुठेतरी हिशेब लावत बसलो असतो की आता शनिवारी मुदीरला काय सांगू. मला माहीत आहे. माझा मी मला माहीत आहे.

महिनाभर मी त्याच्या डिप्लोम्यावर जळलो, सांदणांवर जळलो, लाइबाच्या वहीवर जळलो. सगळं फुकट. जळण्यासारखी गोष्ट त्याच्याकडे एकच होती, आणि ती मला आज क्लिनिकच्या बाकापाशी दिसली. आजही जळलो. पण आज डोळ्यांतून पाणी आलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

मुदीर आला, पेटी उघडली, रिकामी.

"फेन?" मुदीरनं विचारलं. कुठं आहेत?

झयाननं तोंड उघडलं. मला माहीत होतं तो काय बोलणार ते. कालपासून माहीत होतं, रात्री कूस बदलताना त्याचं वाक्यसुद्धा मला ऐकू येत होतं. सर, चूक माझी. म्हणून त्याच्या तोंडातून शब्द निघायच्या आत मीच बोललो. "सर, मी नेली. चोरून नेली. तीन फोडून बघितली, तिन्हींत तार होती. चाळणी बदला. याचं सेटिंग ठेवा." एका दमात. या महिन्यात त्याच्या आधी पोचलो तो एवढ्या एकाच ठिकाणी.

झयान मध्येच बोललाच. "सर, दोन पाकिटांत मात्र माझं मशीन चुकलं, त्यात काही नव्हतं." मेला, गप्प बसेल तर ना!

मुदीरनं पेटीचं झाकण आपटलं. मग माझ्याकडे बोट केलं. "तबूक. जानेवारी." आणि वर, नऊ वर्षं इथं काम केलंस म्हणून, नाहीतर खलास. बरोबरच आहे. मी त्याच्या जागी असतो तर आजच हाकललं असतं.

घरी सांगितलं. सुरैया कालपासून पहिल्यांदा बोलली. "स्वेटर लागतील. तबूकला थंडी असते." एवढंच. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

लाइबा ठीक आहे. तिला शाळेत सोडायला जानेवारीपासून झयान जाणार. बाजार झयान करणार. अस्मा आली की दोन्ही बहिणी एकत्र, सांदणं होतील, बाळ होईल, आणि मी बॅचलर रूममध्ये अंडं तळत असेन. हे लिहितानाही मी जळतोय. कशाला लपवू?

संध्याकाळी तो येऊन बसला. मग मीच म्हटलं, "तबूकच्या मशीनवर कसं लावायचं ते दाखव. सगळं, सुरुवातीपासून. स्टीलचं कुठं थांबवायचं, खजुराचं कुठून सुरू होतं."

"भाई, तुमाला येतंच की."

"येत नाही," मी म्हटलं. "शिकव."

त्यानं टेस्टकार्डं खिशातून काढून सतरंजीवर मांडली आणि शिकवायला लागला. चांगलं शिकवतो. दोन मिनिटं झाली, पाच झाली, मी रागावलो नाही. लाइबा दारात उभी राहून बघत होती. आमच्याकडे बघून तिनं मोबाइलवर फोटो काढला, आणि मी पाहिलं, फोटोत सुद्धा हा माझ्यापेक्षा चांगला आलाय.